चार पानं अळीलाही

घरात थोड्या भाज्या लावाव्यात, मुलांनी मातीत हात घालावेत, असं आता बहुतेक आई-बाबांना वाटतं. कुंड्या येतात, माती येते, कितीतरी शाळांतही परसबाग असते. मग एक दिवस कढीपत्त्याच्या रोपावर मुलाला अळी दिसते. ती दाखवायला मूल हाक मारतं. आपण येतो, बघतो आणि आपल्या तोंडून "शी!" निघतं. कुणी चप्पल शोधतं, कुणी फवारणीची बाटली. मला तुमच्याशी बोलायचंय ते या एवढ्याशा क्षणाबद्दल. तोपर्यंत मुलाला त्या अळीची किळस वाटत नव्हती. वाटली असती तर त्यानं तुम्हाला कौतुकानं बोलावलं नसतं.

कढीपत्त्यावरची ती अळी बहुतेक वेळा फुलपाखराची असते. कढीपत्ता, लिंबू, पपनस ही एकाच कुळातली झाडं आणि त्यांच्यावर अंडी घालणारी देखणी फुलपाखरं आपल्याकडे भरपूर आहेत. काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं कॉमन मॉरमॉन, पिवळट-काळ्या नक्षीचं लाइम बटरफ्लाय. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखरू ठरवलं ते ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, तेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. असं राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून मुलं हे पाठ करतात. त्याच गोतावळ्यातली अळी आपल्या खिडकीत आली आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मादी कोवळ्या पानावर मोहरीएवढं, फिकट पिवळं अंडं चिकटवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि त्यामुळेच पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. चार वेळा ती कात टाकते आणि चौथ्या वेळी एकदम हिरवीगार होते. या वयात तिला काडीनं हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हा तिचा बचाव. मुलांना हे शिंग फार आवडतं. एकदा दाखवा आणि तिला सारखं डिवचायचं नाही, हेही तेव्हाच सांगा. दोन-तीन आठवड्यांनी ती खाणं थांबवते. मग एखादी काडी, कुंडीची कड, कधी खिडकीचा गज शोधते, कमरेभोवती रेशमाचा धागा घेऊन स्वतःला बांधते आणि कोश होतो. पुढे आणखी दहा-बारा दिवस, थंडीत जरा जास्त. सकाळच्या वेळी कोश फुटतो. पंख ओले, चुरगळलेले असतात. ते ताठ व्हायला तास-दोन तास लागतात. त्या वेळात हात लावला तर पंख कायमचे वाकडे होतात. त्या दिवशी मुलाला शाळेला थोडा उशीर झाला तरी चालेल, असं माझं मत आहे.

लहान रोपाला दोन-तीन अळ्या पार बोडकं करून टाकतात, हे खरंच आहे. म्हणून कढीपत्त्याची दोन रोपं ठेवावीत. एक फोडणीसाठी, एक त्यांच्यासाठी. फोडणीच्या रोपावरची अळी पानासकट उचलून दुसऱ्या रोपावर नेऊन ठेवायची, हे काम मुलाचं. मूळ धरलेलं रोप पानं गेली तरी पुन्हा फुटतं.

एक अवघड गोष्टही सांगून ठेवते. प्रत्येक कोशातून फुलपाखरू येत नाही. कधी कोश काळा पडतो आणि त्याला बारीकसं भोक दिसतं. अळीच्या किंवा ताज्या कोशाच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या असतात. त्यांची पिल्लं आतून कोश खाऊन बाहेर पडतात. रोज कोश बघायला जाणारं मूल त्या दिवशी रडेल. तेव्हा "उडून गेलं बाळा" असं सांगू नका. खरं सांगा. या माश्या नसत्या तर अळ्या इतक्या वाढल्या असत्या की झाडं उरली नसती, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला कळतं. आणि कळूनही त्याला वाईट वाटत राहिलं, तर ते वाटू द्यावं.

आता मावा. घेवडा, चवळी, वाल यांच्या कोवळ्या शेंड्यांवर एक दिवस काळे-हिरवे ठिपके गर्दी करून बसलेले दिसतात. मुंग्या त्यांच्याभोवती फिरत असतात, कारण माव्याच्या अंगातून गोड चिकट रस निघतो. इथे आपली खरी कसोटी लागते. मावा आधी येतो आणि त्याला खाणारे नंतर येतात. मधे आठवडाभराचा, कधी त्याहून जास्त काळ जातो. नेमका याच वेळी आपला धीर सुटतो आणि आपण फवारतो. मग मावा जातो, पण त्याच्या वासानं येऊ घातलेले ढालकिडेही जातात, आणि पुढच्या वेळी मावा येतो तेव्हा त्याला अडवायला कुणीच नसतं. त्याऐवजी रोज सकाळी पाण्याची धार शेंड्यावर मारून बोटांनी मावा धुऊन काढा. खाली पडलेला मावा सहसा पुन्हा वर चढत नाही. थोडा राहू द्या. त्यावरच ढालकिड्याची मादी पिवळी, उभी, एकमेकांना खेटून अंडी घालते.

ढालकिडा मुलांना चित्रातून माहीत असतो, लाल पाठीवर काळे ठिपके. त्याची अळी मात्र बहुतेक मोठ्यांनाही माहीत नसते. काळपट, लांबट, पाठीवर नारिंगी खुणा, छोट्या सुसरीसारखी दिसणारी. ही दिसली की हमखास मारली जाते आणि माव्याचा सगळ्यात मोठा फडशा तीच पाडत असते. मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा खाते. मुलाला ही अळी ओळखायला शिकवा. अर्थात सगळेच ढालकिडे आपल्या बाजूचे नाहीत. वांग्याच्या पानांची जाळी करणारा, भुरकट रंगाचा, पाठीवर अठ्ठावीस ठिपके असलेला त्यांचा एक भाऊबंद आहे. तो पानं खातो. तो सकाळी हातानं वेचायचा. ठिपके मोजून कोणता ठेवायचा, कोणता वेचायचा हे ठरवणारं मूल मी पाहिलं आहे. इतक्या एकाग्रतेनं ते कुठल्याही वहीसमोर बसलेलं नसतं.

वांग्याचाच विषय निघाला म्हणून सांगते. एखादा शेंडा मान टाकलेला दिसला की आत अळी शिरलेली असते. तेवढा शेंडा थोडा खालून कापून टाकायचा. औषध लागत नाही, फक्त रोज बघणारं कुणीतरी लागतं. मुलं त्यासाठीच आहेत.

पक्ष्यांबद्दल आपल्या मनात प्रेम भरपूर आहे. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून पाळला जातो आणि त्यानंतर घरोघरी दाण्यांचे डबे, लाकडी घरटी टांगली गेली. चांगलंच आहे. पण चिमणी दाणे खात असली तरी तिचं अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू बाजरी खाऊ शकत नाही. त्याला मऊ किडे, अळ्या भरवाव्या लागतात. ज्या सोसायटीत दर महिन्याला बागेत औषध मारलं जातं तिथं दाण्यांचा डबा भरलेला आणि घरटं रिकामं राहतं. म्हणून मुलाच्या वाढदिवसाला पक्ष्यांचा डबा आणण्याआधी एक वाल लावा, त्यावर थोडा मावा राहू द्या. शिंपी, वटवट्या, दयाळ, चिमण्या सगळे तिथं येऊन उचलतील. जवळपास झाडं असतील तर सातभाईंचा गोंधळही ऐकू येईल. ते खालचा पालापाचोळा उलथून किडे काढतात, म्हणून पाचोळा झाडून जाळू नका. तो कुंडीत, वाफ्यात पसरा. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांनी आपल्या प्रयोग परिवारातून हेच सांगितलं होतं. थोडी जागा, ऊन आणि पालापाचोळा एवढ्यावर घराची भाजी उभी राहते. मातीबद्दल मी याहून जास्त सांगत नाही. चार-पाच तासांचं ऊन नसेल तर कितीही चांगली माती काही करू शकत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

घरगुती मसाल्याच्या, औषधी रोपांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथं आपण एक सवय लावून घेतली आहे. फूल दिसलं की खुडायचं. तुळशीची मंजिरी खुडली तर तुळस दाट होते, हे बरोबर आहे. पण एखादी तुळस, एखादा सब्जा फुलू द्या आणि दुपारपूर्वी त्यांच्याजवळ मुलाला बसवा. सातेरी मधमाश्या येतात, फुलोरी माश्या येतात. बाजारातून आणलेले धणे लाटण्याखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन फाकी करा, दसऱ्यानंतर पेरा, अर्धी कोथिंबीर भाजीला घ्या आणि अर्धी फुलू द्या. कोथिंबिरीच्या पांढऱ्या बारीक फुलांवर पट्टेवाली, हवेत एका जागी तरंगणारी सिरफिड माशी येते. ती मधमाशीसारखी दिसते, पण डंख मारत नाही, आणि तिच्या अळ्या पुन्हा मावाच खातात. मुळा उपटायचा राहिला तर राहू द्या. त्याला जांभळट-पांढरी फुलं येतात आणि मग डिंगऱ्या लागतात. डिंगऱ्यांची भाजी आता किती घरांतल्या मुलांनी खाल्ली असेल? पुदिन्याची बाजारातली काडी ग्लासभर पाण्यात ठेवली की मुळं फुटतात. पानओवा, गवती चहा, अळू तर मुलांच्या हातून मरतच नाहीत. आपल्या परसात मोरीचं पाणी अळूला आणि केळीला जायचं. तिथली ओल बेडकांनाही पुरायची.

मग वेल. मृगात लावलेल्या भोपळ्याला फुलं आली की घरोघरी एकच तक्रार असते, फुलं येतात आणि गळतात. आधी येतात ती नर फुलं. ती गळणारच. मादी फूल काही दिवसांनी येतं आणि त्याच्या खाली इवला भोपळा आधीपासून असतो. मुलाला हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले की पुढचं सगळं त्याला आपोआप समजतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, म्हणजे मधमाशीला तेवढाच वेळ. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. दोडकाही दिवस कलताना फुलतो. टोमॅटो-वांग्याचं आणखी वेगळं. त्यांचे पराग एका नळीत बंद असतात आणि बारीक छिद्रातून ते बाहेर पडायला फूल थरथरावं लागतं. काळा मोठा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो आणि त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम बदलतो. मधमाशीला हे जमत नाही. मुलाला कान देऊन ऐकायला सांगा. त्या भुंग्याला सुकलेलं लाकूड, बांबूचा तुकडा लागतो घरासाठी. तो तिथं असू द्या.

दहाव्या-बाराव्या मजल्यावर माशी येत नसेल तर मूलच माशी होतं. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. उरलेल्या नर फुलांची भजी करा. वेलाला लागतात त्यापेक्षा ती कितीतरी जास्त असतात.

आता तुमच्या मनातली भीती. ती मी हलक्यात घेत नाही, कारण घरात लहान मूल आहे.

डास. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी हे डेंग्यूच्या डासाचं आवडतं घर आहे. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या ताटल्या रिकाम्या करायच्या आणि नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन्महिने टिकतात. पक्ष्यांचं पाणी रोज बदलायचं. मोठं टाकं असेल तर गप्पी मासे सोडा.

साप. बैठ्या घराच्या बागेत साप येऊ शकतो. बहुतेकदा तो उंदरामागे येतो, म्हणून शिजवलेलं उरलेलं अन्न खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्यानं उंदीर वाढतात. लाकडं, विटांचा ढीग घराला लागून नको. मुलांच्या पायात बूट, संध्याकाळी हातात विजेरी. बागेत दिसणारी धामण निरुपद्रवी असते आणि उंदीर खाते, पण मुलानं साप ओळखत बसायचं नाही. मागे सरायचं आणि मोठ्याला सांगायचं, बस. वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवावं. कुणाला चावलाच तर झाडपाला, मांत्रिक यात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय.

आणि सगळेच पाहुणे ठेवून घ्यायचे नसतात. पावसाळ्यात कोकणात, मुंबईच्या आसपास मोठ्या तपकिरी शंखाची आफ्रिकन गोगलगाय दिसते. ती बाहेरून आलेली, बागच्या बाग खाणारी आहे आणि तिच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. तिला मुलांनी हात लावायचा नाही. मोठ्यांनी चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाकावी. रुईचं झाड बागेत असेल तर त्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या येतात, पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. धोतरा आणि कण्हेर तर लहान मूल असलेल्या घरी नकोच.

"आम्ही रासायनिक काही मारत नाही, निंबोळीच मारतो," असं पुष्कळ आई-बाबा सांगतात. निंबोळी अर्क हे चांगलं औषध आहे. पण ते औषधच आहे. अळीनं ते लागलेलं पान खाल्लं की तिची भूक मरते, कात टाकणं थांबतं. ती अळी फुलपाखराची आहे की वांग्याची, हे निंबोळीला कळत नाही. पिठ्या ढेकूण झाला, दुसरा इलाज उरला नाही, तर मारा. संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर, तेवढ्याच फांदीवर. आणि आणखी एक, नर्सरीतून रोप आणताना त्याच्यावर काय मारलं आहे ते विचारा. काही औषधं झाडाच्या अंगात भिनून राहतात. हौसेनं आणलेल्या कढीपत्त्यावर अंडी दिसतात आणि अळ्या दोन दिवसांत मरून पडतात, त्याचं एक कारण हे असतं. असं रोप महिना-दोन महिने बाजूला ठेवा, जुनी पानं काढून नवी फूट येऊ द्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. घरातल्या मुलांची दुखणी विकतच्या, औषध मारलेल्या भाजीमुळे वाढली, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी परसातली गावठी बियाणी जपायला घेतली. वाल, घेवडा यांचे कितीतरी वाण त्यांच्या बियाणे बँकेत आहेत. मी हे मुलांपेक्षा तुमच्यासाठी सांगते. पाकिटातल्या संकरित बियांचं पुढच्या वर्षी काय होईल ते सांगता येत नाही. गावाकडून, ओळखीच्या शेतकऱ्याकडून गावठी वालाचे मूठभर दाणे आणा. मांडवावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा खायच्या नाहीत, त्या वेलावरच वाळू द्यायच्या. दाणे राखेत घोळवून बरणीत भरायचे आणि बरणीवर नाव मुलाच्या अक्षरात. पुढच्या पावसाळ्यात ते दाणे मुलानंच शेजारी वाटावेत.

एक विनंती. या सगळ्याचा प्रकल्प करू नका. अळीचे फोटो रोज गटावर टाकायचे, मुलाकडून माहिती पाठ करून घ्यायची, पाहुण्यांसमोर "सांग बरं, राज्य फुलपाखरू कोणतं?" विचारायचं, यानं मूल बागेपासून लांब जातं. त्याला एक कुंडी अशी द्या जिच्यात काय लावायचं ते त्यानं ठरवावं. तिच्यात गवत उगवलं तरी ते उपटायचं नाही. गवताच्या काही जातींवरही फुलपाखरं वाढतात.

आणि मूल कंटाळेल. आठ-नऊ वर्षांचं असताना दिवसातून चारदा कोश बघायला धावणारं मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की बागेकडे फिरकत नाही, असं पुष्कळ घरांत होतं. क्लास, मित्र, मोबाइल, खेळ. त्यावरून त्याला बोलू नका, जुन्या आवडीची आठवण करून देऊन ओशाळवू नका. कढीपत्त्याला नवी फूट आली की मॉरमॉन येतच राहणार आहे, वालावर मावा येणार आहे. मुलाला वाटेल तेव्हा ते येईल. तोवर पाणी तुम्ही घाला.